चर्चमधला डबा: जळगाव-धुळ्यातल्या ख्रिस्ती मंडळीत घरच्या जेवणाला एवढं मोल का?

रविवारची सकाळ. भुसावळ असो, जळगाव असो किंवा धुळे, मराठी उपासनेला येणाऱ्या माणसांच्या हातात बायबल असतं, गीतांचं पुस्तक असतं. पण जरा नीट पाहिलं तर बऱ्याच जणींच्या हातात आणखी एक कापडी पिशवी दिसते. आत स्टीलचा डबा असतो. उपासना संपते, पाळकांशी हात मिळवून लोक बाहेर पडतात आणि मग पायऱ्यांवर, गेटपाशी, स्कूटरच्या हूकला अडकवून हे डबे गुपचूप एका हातातून दुसऱ्या हातात जातात. कुणाच्या घरी बाळंतीण असते, कुणी दवाखान्यातून नुकतं घरी आलेलं असतं, तर कुणाची बायको माहेरी गेलेली असते आणि बिचारा आठवडाभर मॅगीवर असतो.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, चांगला शेजारधर्म आहे, यात समजून घेण्यासारखं काय? पण ख्रिस्ती मंडळीत, आणि त्यातही खान्देशासारख्या भागात, या डब्याला बराच मोठा इतिहास आहे. कोण कुणाच्या घरचं खातं, या प्रश्नावर चर्चच्या सुरुवातीच्या काळात भांडणं झाली आहेत, आणि महाराष्ट्रात तर याच प्रश्नावर घरं तुटली आहेत.

आधी मंडळी म्हणजे काय, ते समजून घेऊ

एरवी आपण "काय मंडळी, जेवण झालं का?" असं सहज विचारतो. मराठी ख्रिस्ती लोकांच्या बोलण्यात मात्र 'मंडळी' या शब्दाला ठराविक अर्थ आहे. इमारत म्हणजे चर्च किंवा जुन्या माणसांच्या तोंडी देऊळ. तिथे जमणारी माणसं म्हणजे मंडळी. त्यामुळे "आमच्या मंडळीत एक आजी आजारी आहेत" हे वाक्य ऐकलं तर ते बायकोबद्दल किंवा पाहुण्यांबद्दल नसतं.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या साधारण १० लाख ८० हजार होती, म्हणजे ०.९६ टक्के. त्यातले बरेचसे मुंबई, वसई, पुणे या पट्ट्यात. खान्देशात आदिवासी तालुके सोडले तर चर्च म्हणजे मोजकी कुटुंबं. सगळे सगळ्यांना ओळखतात. एखादं कुटुंब दोन रविवार दिसलं नाही तर तिसऱ्या रविवारी चौकशी होते.

ही मोजकी कुटुंबंही एका जातीची, एका भाषेची किंवा एका गावची नाहीत. १९०६ साली इंग्रज सरकारने खान्देश जिल्ह्याचे दोन भाग केले. पूर्व खान्देशचं मुख्य ठाणं जळगाव झालं, पश्चिम खान्देशचं धुळे. मिशनरी संस्थांचं कामही साधारण याच रेषेने वाटलं गेलं. भुसावळ-जळगावकडे अमेरिकेतली ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स ही संस्था होती. धुळे-नंदुरबारकडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन आलं. फ्रेडरिक फ्रान्सन या स्वीडिश-अमेरिकन प्रचारकाने १८९० साली ते सुरू केलं होतं. १९४९ मध्ये त्याचं नाव बदलून 'टीम' झालं. कॅथलिक लोकांसाठी १९८७ मध्ये नाशिक धर्मप्रांत स्थापन झाला, त्यात जळगाव आणि धुळेही येतात. आणि भुसावळ म्हटलं की रेल्वे आलीच. मोठं जंक्शन असल्यामुळे तिथे अँग्लो-इंडियन आले, गोव्याचे आले, दक्षिणेकडचे रेल्वे कर्मचारी आले. बदलीवर आलेल्या माणसाचं गावात नात्यातलं कुणी नसतं.

आता विचार करा. पूर्वी ज्या माणसाने धर्म बदलला त्याला भाऊबंदांनी पंगतीतून उठवलं. नंतरच्या काळात ज्याची बदली झाली त्याचे भाऊबंद हजार किलोमीटरवर राहिले. दोघांच्याही घरात आजारपण आलं तर मावशी-आत्या येणार कुठून? ती जागा मंडळीने भरून काढली. म्हणूनच इथला डबा नुसती भाजी पोहोचवत नाही. "आम्ही तुमच्या नात्यातले" हे तो न बोलता सांगतो.

पहिल्या शतकातली जेवणावरची भांडणं

बायबलमध्ये जेवणाचे प्रसंग इतके आहेत की त्यावर वेगळा लेख होईल. पण डब्याची गोष्ट समजायला चार पुरेत.

पहिला प्रसंग रूथच्या पुस्तकातला. रूथ ही परदेशी, विधवा, गरीब सून. ती बवाज नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात कापणीनंतर पडलेली कणसं वेचायला जाते. जेवायच्या वेळी बवाज तिला आपल्या माणसांत बसवतो आणि भाजलेलं धान्य देतो. खान्देशातल्या माणसाला इथे हुरडाच आठवेल. रूथ पोटभर खाते, आणि उरलेलं बांधून घरी सासूसाठी नेते. मंडळीत डबा नेण्याची परंपरा कुठून सुरू झाली असं कुणी विचारलं तर हे उत्तर द्यायला हरकत नाही.

दुसरा प्रसंग 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात. यरुशलेममधली पहिली मंडळी एकत्र राहत होती, घरोघरी एकत्र जेवत होती. गरजू विधवांना रोज अन्न वाटलं जायचं. मग कुरबुर सुरू झाली की ग्रीक बोलणाऱ्या विधवांना वाटपात डावललं जातंय. म्हणजे मंडळीतल्या अगदी सुरुवातीच्या वादांपैकी हा एक, आणि विषय होता डबा कुणापर्यंत पोहोचत नाही. त्यावर उपाय म्हणून सात माणसं खास या कामासाठी नेमली गेली.

तिसरा प्रसंग अंत्युखियातला. पेत्र हा येशूचा अगदी जवळचा शिष्य. तो तिथे यहुदी नसलेल्या ख्रिस्ती लोकांबरोबर एका पंगतीत जेवायचा. यरुशलेमहून काही कर्मठ मंडळी आली तसा तो हळूच बाजूला झाला. पौलाने त्याला सगळ्यांसमोर सुनावलं. 'गलतीकरांस पत्र' यात पौलाने स्वतः हे लिहून ठेवलंय. इतका मोठा माणूस, आणि पंगत बदलली म्हणून चारचौघांत बोलणी खाल्ली.

चौथा करिंथचा. तिथे लोक प्रभुभोजनासाठी जमायचे, पण श्रीमंत लोक आपलं घरून आणलेलं आधीच खाऊन घ्यायचे आणि कामावरून उशिरा येणारे गरीब उपाशी राहायचे. पौलाने त्यांनाही झापलं. थांबा, एकमेकांची वाट पाहा, असं सांगितलं.

त्या काळी अशा सामुदायिक जेवणाला ग्रीकमध्ये 'अगापे' म्हणत, म्हणजे प्रीती. मराठी मंडळीत आजही त्याला 'प्रीतिभोजन' म्हणतात. मधल्या काळात ही प्रथा मागे पडली. चौथ्या शतकात लावदिकिया इथे झालेल्या धर्मसभेने चर्चच्या इमारतीत अशी जेवणं घालायला बंदी केली. पुढे १७२७ मध्ये जर्मनीतल्या हेर्नहूट गावात मोरावियन लोकांनी ती पुन्हा सुरू केली, त्यांच्याकडून ती मेथडिस्टांनी घेतली आणि प्रोटेस्टंट मिशनांबरोबर ती जगभर गेली. जळगावात नाताळनंतर मांडवाखाली जी पंगत बसते तिचं घराणं असं लांबचं आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न जास्त टोकदार होता

कारण इथे रोटीव्यवहार होता. कुणाच्या हातचं पाणी चालतं आणि कुणाच्या हातचं चालत नाही, यावर सगळा समाज उभा होता. ख्रिस्ती झालेल्या माणसाला पहिला फटका जेवणाच्या पाटावर बसायचा.

याचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई सुरुवातीला वेगळ्या राहिल्या. नंतर दोघं एकत्र आले, तरी बराच काळ त्यांनी आपलं सोवळं सोडलं नव्हतं. एका छताखाली नवरा ख्रिस्ती आणि बायकोचा स्वयंपाक वेगळा! हळूहळू त्यांच्या मनातून जातीचा विचार गेला आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' वाचताना एक गोष्ट सारखी जाणवते. त्यांचा हा प्रवास प्रवचनातून कमी आणि चुलीतून, पाण्याच्या घड्यातून जास्त झालाय.

या घराचा खान्देशशी एक हळवा धागा आहे. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, १८९० साली धरणगावात जन्मले. १९०७ मध्ये जळगावात कविसंमेलन भरलं तेव्हा या पोराच्या कवितेने सगळे थक्क झाले आणि त्यांना 'बालकवी' ही पदवी मिळाली. टिळकांचा त्यांच्यावर जीव जडला. पुढे हा धरणगावचा मुलगा नगरला टिळकांच्या घरी राहिला आणि लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखं सांभाळलं. तो ख्रिस्ती नव्हता, झालाही नाही. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली स्टेशनवर रेल्वेखाली सापडून बालकवी गेले, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी.

हा किस्सा मंडळीतल्या सोबत्यांचा नाही, मान्य. पण एकेकाळी नवऱ्याच्या पंगतीपासूनही वेगळी राहिलेली बाई काही वर्षांत दुसऱ्याच्या मुलाला घरात ठेवून वाढवते, हे अंतर लक्षात घेतलं की मराठी ख्रिस्ती घरात एकत्र जेवणाला एवढं मोल का, ते कळतं. मंडळीत येणाऱ्यांचे पूर्वज वेगवेगळ्या जातींतून, जमातींतून आले. एका बाकावर बसून गाणं म्हणणं तसं सोपं. एकमेकांच्या घरचं कालवण खाणं अवघड होतं.

मग डब्यात असतं काय?

चर्चची असली तरी चव खान्देशीच. ख्रिस्ती जेवण म्हणून केक आणि रोस्ट डोळ्यांसमोर आणणाऱ्यांची इथे निराशा होईल.

हिवाळ्यात भरीत. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे या वांग्याला सरकारी ओळखही आहे. मोठी, हिरवट-पांढरी वांगी कापसाच्या वाळलेल्या काड्यांवर भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, कांद्याची पात, हिरवी मिरची, शेंगदाणे, आणि सोबत कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या. भरीत एकट्यापुरतं करायचा पदार्थच नाही. आग पेटवली की दहा-वीस वांगी भाजली जातात, मग वाटणं ओघाने आलंच. मंडळीतल्या तरुणांची सहल शेतात गेली तर बहुतेक वेळा ती भरीत पार्टीच असते.

आजारी माणसाच्या घरी मुगाची खिचडी, ज्वारीची मऊ भाकरी, वरण. शेवभाजी नाही! खान्देशी माणसाला शेवभाजी प्रिय असली तरी टायफॉइडमधून उठलेल्याला तिखटजाळ रस्सा पाठवणं ही माया नव्हे. बाळंतिणीसाठी डिंकाचे, मेथीचे लाडू, अळिवाची खीर, शेपूची भाजी. यात हिंदू घर आणि ख्रिस्ती घर असा काही फरक नाही. आजीकडून आलेली रीत धर्म बदलल्याने बदलत नाही.

मयत झालेल्या घरी सगळ्यात आधी चहा पोहोचतो. मग पिठलं-भाकरी. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही ही इथल्या सगळ्याच समाजांतली रीत, आणि नातेवाईक लांबून येणार असतील तर त्या पाहुण्यांचं जेवणही मंडळीच बघते. किती भाकऱ्या कुणी करायच्या याची वाटणी फोनवर दहा मिनिटांत होते. दफनविधी झाल्यावर माणसं पांगतात. खरी गरज त्यानंतरच्या आठवड्यात असते, जेव्हा घर अचानक रिकामं होतं. जाणत्या बायका आपला डबा मुद्दाम आठव्या-दहाव्या दिवशी नेतात.

नाताळात मात्र ताटं दोन्ही बाजूंनी फिरतात. करंज्या, शंकरपाळे, चिवडा, चकली, आणि बेकरीत तूप-मैदा देऊन भाजून आणलेली नानकटाई. भुसावळच्या रेल्वे वस्तीत गोव्याकडची घरं असतील तर त्यात कुलकुल आणि नेवऱ्या येतात. गोव्यात नाताळाला शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे गोडाचं ताट पाठवायची पद्धत आहे, तिला 'कोन्सुआद' म्हणतात. ज्या घरी त्या वर्षी दुखवटा असतो तिथे गोडधोड शिजत नाही, म्हणून तिथे ताट आठवणीने जातं. आणि नाताळची गाणी म्हणत रात्री घरोघरी फिरणारी पोरांची टोळी! प्रत्येक घरी चहा आणि काहीतरी खायला. पाचव्या घरापर्यंत गाणाऱ्यांचं पोट भरलेलं असतं, पण नाही म्हणता येत नाही, कारण सहाव्या घरातली आजी संध्याकाळपासून वाट बघत बसलेली असते.

पिकं हाती आली की कापणीचा सण. लोक आपल्या शेतातलं, परसातलं पहिलं पीक चर्चमध्ये आणतात. ज्वारीची कणसं, कापूस, केळीचा घड, वांगी, भोपळा, कधी कोंबडी, कधी अंडी. उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात. लिलावात दहा रुपयांचा भोपळा पाचशेला जातो, आणि बोली लावणारा कधीकधी तोच भोपळा एखाद्या विधवेच्या हातात ठेवून निघून जातो. देण्याची ही पद्धत फार हुशार आहे. घेणाऱ्याला मदत घेतल्यासारखं वाटतच नाही.

पश्चिमेकडे, साक्री-नवापूरच्या आदिवासी पट्ट्यात चित्र वेगळं. (नवापूर आता नंदुरबार जिल्ह्यात, पण १ जुलै १९९८ पर्यंत तो सगळा भाग धुळे जिल्हाच होता.) तिथे मंडळी आणि नातेवाईक ही बरेचदा तीच माणसं असतात. नात्याची जागा भरायची वेळ येत नाही. तिथला नाजूक प्रश्न उलटा असतो. पाड्यातला अर्धा गोतावळा ख्रिस्ती, अर्धा नाही. मग सणाला देवापुढे ठेवलेलं अन्न एकाने खायचं की नाही? हा प्रश्नही पौलाच्या काळापासूनचा आहे. करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात त्याने यावर बरंच लिहिलंय, आणि त्याच्या सांगण्याचा रोख असा की खाण्याने कुणी मोठा होत नाही, पण आपल्या खाण्याने दुसऱ्याच्या मनाला इजा होत असेल तर जपून. मंडळ्यांमध्ये यावर आजही एकमत नाही.

जाता जाता एक उदाहरण मिझोरामचं. तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ख्रिस्ती घरांत 'बुहफाई थाम' ही प्रथा आहे. प्रत्येक वेळी भात शिजवताना मूठभर तांदूळ बाजूला काढायचे आणि साठले की चर्चला द्यायचे. गरीबातलं गरीब घरही देणारं घर होतं, कारण मूठ प्रत्येकाला परवडते.

डबा द्यायचा म्हणजे नुसता भरून द्यायचा नाही

यातल्या अनुभवी बायकांना काही गोष्टी न सांगता कळतात. नव्याने करणाऱ्यांना सांगाव्या लागतात.

खान्देशचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास जातो. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये राहिलं की त्यात जंतू झपाट्याने वाढतात. एरवी ते दोन तासांच्या आत खावं किंवा फ्रीजमध्ये ठेवावं, आणि बाहेर ३२ अंशांच्या वर असेल तर एकाच तासात. सकाळी आठला भरलेला डबा उपासना, सभा, गप्पा करत दुपारी एकला कुणाच्या घरी पोहोचला तर त्यातली आमटी धोक्याची. उन्हाळ्यात चर्चला कोरडं न्यावं. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, लाडू, ज्वारीचे पापड, बिबड्या. ओलं असेल ते संध्याकाळी थेट घरी.

मधुमेह आहे का, मीठ बंद आहे का, हे आधी विचारावं. वयस्कर माणसाला गोड पाठवलं तर ते नको म्हणणार नाहीत आणि खाऊन बसतील. शेंगदाण्याची ॲलर्जी आपल्याकडे कमी ऐकू येते, पण खान्देशी स्वयंपाकात शेंगदाणा नसलेली गोष्ट शोधावी लागते, म्हणून विचारलेलं बरं. कॅथलिक घरी उपवासकाळातल्या शुक्रवारी कोंबडीचा रस्सा नेऊ नये, त्या दिवशी मांस वर्ज्य असतं. हा काळ राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत चालतो. आणि जिथे बाळ झोपलंय किंवा माणूस रडतोय तिथे डबा देऊन दारातूनच परत यावं. "बसा ना" म्हटलं तरी. डबा द्यायला आलेल्या पाहुण्यांसाठी त्या घरातल्या बाईला चहा टाकावा लागला तर काय उपयोग?

डबा शक्यतो असा द्यावा जो परत नाही आला तरी चालेल. नाहीतर आजारी माणसाच्या डोक्याला आणखी एक घोर, कुणाचा डबा कुठला.

जेवणापलीकडच्याही कितीतरी गोष्टी आहेत. लांबच्या कॉलनीतल्या आजोबांना रिक्षाचं भाडं परवडत नाही म्हणून जाता-येता गाडीवर घेणं. चष्मा विसरलेल्या बाईला गीताचा नंबर काढून देणं. नवीन आलेल्या कुटुंबाच्या शेजारी जाऊन बसणं, म्हणजे ते एकटे वाटत नाहीत. शिफ्ट ड्युटीमुळे रविवार चुकणाऱ्या रेल्वेवाल्याच्या मुलांना रविवारच्या शाळेत नेऊन परत सोडणं. दवाखान्यात रात्री थांबायला कुणी नसेल तर थांबणं. ही गोष्ट छोटी म्हणावी का, याबद्दल शंका आहे.

आणि जिथे गाडं अडतं

डबा कुणाकडे जातो हे दिसतं. कुणाच्या घरून आलेला डबा उघडला जात नाही, हे दिसत नाही. मंडळीत जात संपली असं व्यासपीठावरून सांगितलं जातं. लग्न जमवताना आणि जेवताना ती कधीकधी पुन्हा डोकं वर काढते. झोपडपट्टीतल्या बाईने प्रेमाने आणलेलं कालवण हसून घ्यायचं आणि घरी जाऊन कामवालीला द्यायचं, हे अंत्युखियात पेत्राने केलं त्यापेक्षा वेगळं नाही. खरी परीक्षा देण्यात नाहीच. देताना माणूस वरच्या पायरीवर असतो. घेताना आणि खाताना तो बरोबरीला येतो. ज्या घराला आपण नेहमी डबा देतो त्या घरी वर्षातून एकदा तरी जेवायला जाणं, हे म्हणून जास्त अवघड आणि जास्त महत्त्वाचं.

दुसरी गोष्ट, हे सगळं शिजवतं कोण? 'मंडळीने जेवण दिलं' असं अहवालात लिहिलं जातं तेव्हा ती मंडळी म्हणजे महिला मंडळातल्या सात-आठ बाया असतात, ज्यांनी पहाटे चारला उठून भाकऱ्या थापलेल्या असतात. प्रेषितांच्या पुस्तकात अन्नवाटपासाठी नेमलेली सातही माणसं पुरुष होती, ही आठवण मंडळीतल्या पुरुषांना अधूनमधून करून द्यायला हवी. निदान भांडी घासायला तरी.

तिसरी, फोटो. आजारी माणसाला डबा देतानाचा फोटो मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला की त्या माणसाला पुढच्या रविवारी चर्चला येताना मान खाली घालावी लागते. डोंगरावरच्या प्रवचनात येशूने सांगितलेली गोष्ट सगळ्यांना पाठ असते, उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू नये. हातात मोबाइल असला की ती विसरायला होते.

चौथी गोष्ट बाहेरची आहे. ख्रिस्ती माणसाने कुणाला अन्न दिलं की आमिषाचा संशय येतो. हा संशय जुना आहे, दुष्काळात मिशनऱ्यांनी अन्नछत्रं चालवली तेव्हापासूनचा. 'पोटासाठी ख्रिस्ती झाले' हा टोमणा मराठी ख्रिस्ती घरांनी पिढ्यान् पिढ्या ऐकलाय. खान्देशच्या एका बाजूला मध्य प्रदेश आहे, दुसऱ्या बाजूला गुजरात. मध्य प्रदेशात १९६८ मध्ये आणि गुजरातमध्ये २००३ मध्ये धर्मांतराबाबत कायदे झाले. त्यांत आमिषाच्या व्याख्येत पैशांबरोबर वस्तूरूपातल्या भेटीही धरल्या गेल्या. मंडळीतल्या मंडळीत दिलेला डबा अर्थातच यात बसत नाही, कारण तिथे धर्म बदलायचा प्रश्नच नसतो. पण शेजारच्या घरात ताप असताना खिचडी न्यावी की नको, लोक काय म्हणतील, असा विचार काही जणांच्या मनात येतो. दिवाळीचा फराळ इकडून आणि नाताळचा तिकडून जिथे वर्षानुवर्षं चाललाय, तिथे हा प्रश्न पडत नाही. तिथे डब्याची ओळख माणसाच्या नावाने असते.

नावावरून आठवलं. आपल्याकडे रिकामा डबा परत करत नाहीत, चमचाभर साखर का होईना, घालून देतात. आणि पूर्वी स्टीलच्या भांड्यांवर नाव, तारीख कोरून घ्यायची पद्धत होती, लग्नात आलेल्या भांड्यांवर तर हमखास. त्यामुळे चर्चच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर बिनवारसा डब्यांची रांग असते तिथे नुसती नावं वाचली तरी मंडळीचा इतिहास कळतो. बदलीवर आलेली आणि निघून गेलेली कुटुंबं, गावाकडे परतलेले पेन्शनर, हयात नसलेल्या आज्या. त्यातलाच एखादा डबा पुढच्या रविवारी कुणीतरी उचलतं, घासतं आणि भरून आणतं.